काती, पुश्काश आणि मी जिंकलेला वाद

२८ ऑक्टोबर २००६, शनिवार

काती केचकेमेतला भावाकडे गेली. दोन-चार दिवसांसाठी. हवापालट. जाताना दोन बॅगा, शिवणयंत्र आणि तिच्या आईचा भिंतीवरचा आरसा नेला. दोन-चार दिवसांना आरसा कशाला लागतो, हे विचारणार होतो, पण टॅक्सीवाला घाई करत होता.

कारण मला पक्कं माहीत आहे. गुरुवारचं जेवण. तिचा भाऊ देझो आला होता. जगातला आजवरचा सगळ्यात मोठा फुटबॉलपटू कोण, हा आमचा वाद माझ्या लग्नापासून चालू आहे. मी किशपेश्तचा, म्हणजे पुश्काशच्या गल्लीतला. देझो फेरेंत्सवारोश क्लबाचा भक्त, त्यामुळे त्याच्या तोंडी फ्लोरियान अल्बर्त. (पेले आणि मॅराडोना ही बाहेरची माणसं. त्यांनी तिसऱ्या नंबरासाठी आपसात भांडावं.) गुरुवारी मी देझोला तोंडावर सांगितलं की तुझा अल्बर्त आमच्या पुश्काशच्या पासंगालाही पुरत नाही. भाऊ दुखावला, म्हणून बहीण दुखावली. रक्ताचं नातं शेवटी.

टेबलावर भलामोठा गुच्छ होता, कुणी आणला कोण जाणे. त्याच्याआड देझोचा चेहरा दिसेना, म्हणून मी तो उचलून खिडकीत ठेवला. काती मधेच काहीतरी सांगायला लागली होती, दोनदा. मी म्हटलं, एक मिनिट, एवढा पॉइंट संपू दे. पॉइंट संपला तेव्हा ती झोपायला गेली होती.

रोज लिहायचं ठरवलं आहे. आयुष्यभर ट्राम चालवली, शिस्त अंगात मुरलेली आहे.

३० ऑक्टोबर, सोमवार

केचकेमेतला फोन केला. देझोने उचलला. काती कामात आहे म्हणाला. म्हटलं हरकत नाही, तूही चालशील. मग त्याला ग्लासगोची फायनल ऐकवली. युरोपियन कपची फायनल, आणि पुश्काशचे एकट्याचे चार गोल. वय तेहतीस, पोट सुटलेलं. मला वाटलं संपला. तर शांतपणे म्हणतो कसा, "छप्पनच्या उठावात तुझा पुश्काश देशाबाहेरच राहिला, परत आला नाही. आमचा अल्बर्त शेवटपर्यंत एकाच क्लबात राहिला. मोठेपण राहण्यात असतं, वेंडेल."

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. लाइन खराब होती.

१ नोव्हेंबर, बुधवार

आज सगळं शहर कबरस्तानात. आम्ही दर वर्षी या दिवशी कातीच्या आईच्या कबरीवर शेवंती ठेवतो, मेणबत्ती लावतो. काती येणारच, हे ओळखून सकाळीच निघालो. प्लॅन असा: कबरीपाशी भेट, वातावरण गंभीर, मी मोठ्या मनाने विषय काढणार.

फाटकापाशी डेपोतला जुना सोबती भेटला. त्याचा मुलगा ब्राझीलला जाऊन आलाय आणि आता याला पेलेचा पुळका. असल्या माणसाला तसंच सोडून पुढे जाणं मला जमत नाही. आत पोचलो तर कबर झाडून स्वच्छ केलेली, शेवंती ताजी, मेणबत्ती अर्धी जळालेली. काती येऊन गेली होती.

थोडक्यात हुकली भेट. पण पेलेवाल्याला निरुत्तर केलं.

५ नोव्हेंबर, रविवार

संकल्प:
स्वयंपाक शिकायचा.
देझोशी आवाज न चढवता बोलायचं.
कातीला आल्या आल्या कॉफी करून द्यायची.

सूप केलं. लाल तिखट तेलात टाकल्यावर भांडं लगेच खाली उतरवायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काळं, कडू. पाव खाल्ला.

संध्याकाळी, पाव खाता खाताच, उत्तर सुचलं. लगेच देझोला फोन. म्हटलं, लिहून घे. एक्याऐंशी साली पुश्काश परत आला. पंचवीस वर्षांनी, पण आला. खरी मोठी माणसं परत येतात. आता बोल.

देझोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वेंडेल, ती परत यायची नाही रे."

विषय बदलतो. हरणाऱ्याचं लक्षण.

९ नोव्हेंबर

पिरोश्काचा फोन. आमची मुलगी, व्हिएन्नाला असते, स्वभावाने आईवर गेलेली. म्हणाली, "बाबा, तुला त्या गुरुवारचं काहीच आठवत नाही?" मी तिला वादाचे सगळे मुद्दे क्रमाने सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग म्हणाली की तो आईच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. बालवाडीच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं तिचं, त्या दिवशी रिटायर झाली. मुलांनी गाणं म्हटलं, बायकांनी फुलं दिली. देझोमामा त्यासाठीच तर आला होता.

हे मला आधी सांगायला हवं होतं. सांगितलंही असेल. मॅच चालू असेल तेव्हा.

तरी देझोने वाद वाढवायला नको होता. बहिणीचा एवढा मोठा दिवस.

१० नोव्हेंबर

खिडकीतला गुच्छ सुकून गेला आहे. टाकला नाही. काती आली की बघू काय ते.

१३ नोव्हेंबर, सोमवार

कातीने स्वतः फोन केला. स्वतः! आवाज छान, सर्दी नाही. थंडी वाढलीय, तर तिचा राखाडी हिवाळी कोट पोस्टाने पाठवशील का, असं विचारत होती. मी म्हटलं, पोस्टाने कशाला, मी आणून देतो. ती म्हणाली, "बरं."

"नको" म्हणाली नाही. "बरं" म्हणाली. चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, कातीचं "बरं" म्हणजे पुष्कळ असतं.

आता तारीख नीट निवडायला हवी. घाई करायची नाही.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुश्काश गेला.

सकाळी रेडिओवर सांगितलं. आजारी होताच, कित्येक वर्षं माणसं ओळखत नव्हता म्हणतात. तरी मी उभा राहिलो. स्वयंपाकघरात एकटाच, हातात सुरी, पावाला लोणी अर्धंच लावलेलं.

वेम्ब्लीची मॅच झाली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. इंग्लंडला त्यांच्या घरात सहा-तीन. आमच्या गल्लीत रेडिओ एकाच घरी, तो त्यांनी खिडकीत आणून ठेवला होता आणि खाली सगळी गल्ली उभी. पुश्काशने तळपायाने चेंडू मागे ओढला, इंग्रजांचा कप्तान पुढे घसरत गेला, आणि गोल. ते मी डोळ्यांनी पाहिलं असं मला अजूनही वाटतं. रेडिओवर.

पहिला विचार मनात आला, कातीला सांगायला हवं. फोन केला. तीच होती. म्हटलं, काती, पुश्काश गेला. ती म्हणाली, "ऐकलं मी. जेवलास का?"

मी तिला वेम्ब्लीचं सांगायला लागलो. तिने ऐकलं असावं, कारण मधे काही बोलली नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

तारीख ठरली. २५ नोव्हेंबर, कातालिनचा दिवस. काती म्हणजे कातालिनच. देशातल्या सगळ्या कातालिनांचा नामदिवस, म्हणजे कॅलेंडरात त्या नावाला दिलेला सणाचा दिवस, आणि वेम्ब्लीची मॅचही नेमकी याच तारखेची. दर वर्षी त्या दिवशी आमच्याकडे डेपोतली माणसं जमतात, वेम्ब्लीसाठी. काती कोबीचे रोल करते, सगळे चाटूनपुसून खातात. तिचा नामदिवसही त्यातच साजरा होऊन जातो. वेगळं काही करावं लागत नाही. असं भाग्य किती बायकांना मिळतं.

प्लॅन मोठा आहे आणि फक्त इथे लिहितो. मी माघार घेणार. जेवताना उभा राहून म्हणणार, "फ्लोरियान अल्बर्तही पुश्काशइतकाच मोठा होता." नीट मोजूनमापून वाक्य बसवलं आहे. "इतकाच", "पेक्षा" नाही. माणसाने बायकोसाठी करावं तरी किती. पुश्काशचा देह अजून मातीआड गेलेला नाही आणि मी हे बोलणार. काती समजेल. तिला समजेलच.

आरशासमोर सराव करणार होतो. आरसा नाही.

२३ नोव्हेंबर

दाढीला नवं ब्लेड. तिचा राखाडी कोट ब्रशने झाडला. खिशात तिचा रुमाल निघाला, आणि ट्रामचं जुनं तिकीट. माझ्याच लाइनचं. कधी बसली होती माझ्या ट्राममध्ये? बोलली नाही कधी.

वाक्य पाठ झालंय. "पुश्काशइतकाच" म्हणताना अजून अडखळतो. थोडं हळू म्हणायचं.

२५ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी

फुलवालीकडून सात कार्नेशन घेतली, लाल. तिने सहा बांधली होती, मीच ओरडलो. अहो, जिवंत बायकोसाठी आहेत! सम संख्येतली फुलं फक्त कबरीवर ठेवतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आजकालच्या फुलवाल्या.

स्टेशनच्या वाटेवर किशपेश्तच्या स्टेडियमवरून गेलो. फाटकापाशी मेणबत्त्या, मफलर, फोटो, म्हातारी माणसं टोप्या काढून उभी. मी रिकाम्या हाताने कसा पुढे जाणार? एक फूल काढलं, ठेवलं. काती मोठ्या मनाची आहे, एका फुलाने काय होतंय.

गाडीत बसलो आहे. कोट मांडीवर. वाक्य तोंडात तयार.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळी, परतीच्या गाडीत

भेट एकंदरीत यशस्वी. तपशील:

दार कातीने उघडलं. केस कापले आहेत, बारीक. छान दिसतात. हे तिला सांगायचं राहिलं. फुलं घेतली, त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यातलं एक काढून निराळ्या ग्लासात ठेवलं आणि बाकीची फुलदाणीत. मला वाटलं, एक स्वतःच्या खोलीसाठी ठेवलं असेल. शुभ चिन्ह.

जेवायला आम्ही तिघंच. कोबीचे रोल. देझोने जर्दाळूची ब्रँडी ओतली. मी उठलो, ग्लास उचलला, खाकरलो. तेवढ्यात देझोच उठला. डोळे ओले. म्हणाला, "वेंडेल, आज वाद नको. माणूस गेला. तुझाच मोठा होता. पुश्काशच मोठा."

आता कुणीही सांगावं, अशा वेळी मी काय करायचं होतं? चाळीस वर्षं ज्या माणसाला मी पुरावे देतोय, तो पुरावे मान्य करत नाही आणि आज कबूल करतो, तर कशासाठी? दयेपोटी! मेल्या माणसाच्या तोंडावर टाकलेली भीक! मी म्हटलं, असली कबुली मला नको. खाली बस आणि मुद्द्याने मान्य कर. देझो म्हणाला, अरे बाबा, केलं ना मान्य. म्हटलं, काय मान्य केलंस, सांग. कुठला गोल? कुठली मॅच? त्याला नीट सांगता येईना. मग मी सुरू केलं.

मिठाची बाटली म्हणजे इंग्रजांचा कप्तान, अक्रोड म्हणजे चेंडू. वेम्ब्लीचा गोल टेबलावर करून दाखवला, दोन वेळा, कारण पहिल्यांदा अक्रोड सूपच्या वाटीत पडला. मग ग्लासगो. मग राष्ट्रीय संघाचे चौऱ्याऐंशी गोल. देझोला राहवेना, तो म्हणाला, पण सहासष्टच्या वर्ल्डकपात लिव्हरपूलमध्ये आपण ब्राझीलला हरवलं तेव्हा पुश्काश कुठे होता? अल्बर्तच होता की! म्हणजे आतून मान्य नव्हतंच, हे मी ओळखलं होतं. मग काय, रंगलं. वर्षानुवर्षांत असं रंगलं नव्हतं. शेवटी देझो खुर्चीत मागे रेलला, घाम पुसला आणि म्हणाला, "हरलो. खरंच हरलो." मी टेबलावर थाप मारली आणि कातीकडे पाहिलं.

तिची खुर्ची रिकामी होती. भांडी घासून झाली होती, ओटा पुसून झाला होता. ती दारापाशी उभी होती, मी आणलेला कोट घालून. "चल, तुझी गाडी आहे," एवढंच म्हणाली.

स्टेशनपर्यंत चालत आलो. वाटेत तिला देझोचा चेहरा कसा झाला होता ते सांगितलं. प्लॅटफॉर्मवर ती म्हणाली, "त्या गुरुवारी मी दोनदा सांगायला गेले. आज नाही गेले. म्हटलं, बघू, विचारतो का."

मी म्हटलं, "काय विचारायला हवं होतं?"

"काहीही. थंडी वाजते का, एवढं विचारलं असतंस तरी चाललं असतं."

मी विचारलं, थंडी वाजते का.

"आता नाही," ती म्हणाली, आणि माझ्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला. गाडी आली.

म्हणजे आमचं बोलणं झालं, मफलर नीट केला, जेवण उत्तम, आणि देझो हरला.

माघारीचं वाक्य मात्र राहून गेलं.

२६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दाढी करताना एकदम लक्षात आलं. सातातून एक गेलं, की सहा राहतात.

मी माझ्या जिवंत बायकोला तिच्या नामदिवसाला मेलेल्या माणसाची फुलं दिली. तिने बघितलं, मोजलं, गुपचूप एक काढून ठेवलं, आणि मला जेवायला वाढलं. एक शब्द बोलली नाही. मी मात्र दुपारभर बोलत होतो.

दाढी अर्धीच राहिली.

२ डिसेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. सूप जमलं. बरं लागलं नाही.

तिला चिठ्ठी लिहायची ठरवलं. "प्रिय काती" लिहिलं आणि पुढचं वाक्य थेट वेम्ब्लीवर गेलं. फाडली. परत लिहिली. परत तिकडेच. माझ्या डोक्यात दुसरा रस्ताच नाही की काय? इतकी वर्षं एकच लाइन चालवली.

एकदा काती आजारी होती, ते आठवून पाहिलं. कुठला आजार, कुठलं वर्ष, काही आठवेना. त्या वर्षी लीग कुणी जिंकली ते मात्र आठवत होतं.

९ डिसेंबर, शनिवार

आज पुश्काशला मातीत ठेवलं. सगळं शहर रस्त्यावर. मी पुढच्या रांगेत उभं राहायचं म्हणून पहाटेच निघणार होतो. निघालो उशिरा आणि मागेच उभा राहिलो, कुणाच्या तरी छत्रीआड.

शवपेटी तोफेच्या गाड्यावरून आली. माझ्या शेजारी एक म्हातारा होता, खेड्याकडचा, छातीवर जुनी मेडल. त्याने माझा दंड धरला आणि विचारलं, "सांगा ना साहेब, याच्यापेक्षा मोठा कुणी झाला का?"

हा प्रश्न कुणीतरी मला असा, अशा दिवशी, असा रडत विचारावा, याचीच मी जन्मभर वाट पाहिली असेन. सगळी उत्तरं तयार होती. तोंड उघडलं आणि रडूच आलं. उभ्या उभ्या, लहान पोरासारखं. म्हातारा माझी पाठ थोपटत राहिला. लाजू नका म्हणाला, आज सगळा देश रडतोय. मी त्याला काही सांगितलं नाही. मला पुश्काशचं रडू आलं नव्हतं.

काती परत येणार नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय. हे ठाऊक होतं मला. आरसा भिंतीवरून उतरवताना तिने मागचा खिळाही काढून घेतला होता, तेव्हाच कळलं होतं.

संध्याकाळी देझोचा फोन आला. टीव्हीवर सगळं पाहिलं म्हणाला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "परवाचं सोड. आज मनापासून सांगतो, मुद्द्याने सांगतो. तुझाच मोठा. मी संपलो."

मी बरं म्हटलं. मग विचारलं, काती आहे का? नव्हती. चर्चच्या गायनमंडळात जायला लागली आहे, शनिवारी सराव असतो. बरं गाते म्हणाला. मला ती गाते हेच माहीत नव्हतं.

म्हटलं, तिला एक निरोप दे.

देझो म्हणाला, सांग. आयुष्यभर माझं तोंड बंद झालं नाही, आणि आता एक वाक्य सापडेना. शेवटी त्यानेच हळूच विचारलं, "काय सांगू? तू जिंकलास म्हणून सांगू?"

नको म्हटलं, आणि फोन ठेवला.

वाद मी जिंकलो. घरात सांगायला कुणी नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.